ह्यूस्टन की आइंडहोवन? सात वर्षांच्या मुलीला घेऊन कुठे जावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांना त्यांच्या कंपनीने अमेरिकेतलं ह्यूस्टन आणि नेदरलँड्समधलं आइंडहोवन असे दोन पर्याय दिले आहेत. ह्यूस्टनचा पगार जवळजवळ दुप्पट आहे. मुलगी सात वर्षांची आहे, आणि सासूबाईंना मधुमेह असून त्या वर्षातले काही महिने तुमच्याकडे येऊन राहणार आहेत. नातेवाइकांपैकी काहींना अमेरिकेतल्या गोळीबाराची धास्ती आहे, तर काही म्हणतात युरोपात पैसा साठत नाही. सुरक्षित कुठे आणि राहायला बरं कुठे, हे तुम्हाला हवं आहे.

मी वाहतूक अभियंता आहे. अपघात का होतात आणि रस्ता बदलून ते कसे टाळायचे, एवढंच माझं काम. मूळची सांगलीची. अकरा वर्षं ह्यूस्टनमध्ये काढली, २०१६ पासून नेदरलँड्समध्ये, युट्रेक्टजवळ आहे. दोन्ही देशांत मुलं वाढवली, दोन्हीकडे रात्री-अपरात्री दवाखाने गाठले. तेव्हा जे सांगते ते थोडं आकड्यांवरून आणि बरंचसं घरातून.

गोळीबाराचं आधी बोलू, कारण तुमचं मन तिथेच अडकलं आहे. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. शाळेत अनोळखी माणूस घुसून गोळीबार करतो तशा घटनांतले मृत्यू या आकड्यात फार थोडे. पण २०२० पासून १ ते १९ या वयोगटात बंदूक हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण झालं आहे, हेही तितकंच खरं. त्यात मोठा वाटा किशोरवयीन मुलांच्या खुनांचा आणि आत्महत्यांचा. म्हणजे मुलीला धोका शाळेच्या दारापेक्षा एखाद्या घरातल्या उघड्या खणात जास्त. ह्यूस्टनमध्ये आम्ही मुलाला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी फोन करून सरळ विचारायचो, 'घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात असते का?' पहिल्यांदा विचारताना जीभ रेटत नव्हती. पण एकाही आईने त्याचा राग मानला नाही. तिकडे गेलात तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आकड्यात न दिसणारी एक गोष्ट मात्र आहे. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सँडी हूक गावच्या शाळेत गोळीबारात २० लहान मुलं मारली गेली, तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. त्यानंतरच्या वर्षी त्याच्या शाळेत दार लावून, दिवे घालवून, कोपऱ्यात गुपचूप बसण्याचा सराव झाला. त्या संध्याकाळी तो घरी आला आणि धाकट्या बहिणीला कपाटामागे बसवून 'शूऽऽ, अजिबात आवाज नाही' असा खेळ शिकवू लागला. ती दोन वर्षांची, खुदुखुदू हसत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याला धोका किती, याचं गणित मला तेव्हाही येत होतं. ते गणित त्या क्षणी माझ्या काही कामाला आलं नाही.

आता माझ्या कामाकडे येते, कारण तुमच्या कुटुंबाचा रोजचा धोका खरा इथे आहे. २०२२ साली अमेरिकेत सुमारे ४२,५०० माणसं रस्त्यावर मेली, म्हणजे दर लाखामागे तेराच्या आसपास. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ७४५, म्हणजे दर लाखामागे चार. ह्यूस्टन ज्यात येतं त्या एकट्या टेक्सासमध्ये, तीन कोटींच्या राज्यात, सुमारे ४,५००. तिथलं राज्याचं परिवहन खातं स्वतःच जाहीरपणे सांगतं की ७ नोव्हेंबर २००० नंतर टेक्सासच्या रस्त्यांवर एकही दिवस मृत्यूवाचून गेलेला नाही. अमेरिकन माणूस गाडी जास्त चालवतो म्हणून आकडा फुगतो, असं कुणी म्हणेल. किलोमीटरमागे हिशेब केला तर अंतर कमी होतं, पण मिटत नाही. शिवाय जास्त गाडी चालवावी लागणं हाच तर त्या जगण्याचा भाग आहे. दूध आणायला गाडी, शाळेला गाडी, मैत्रिणीकडे गाडी.

असं का होतं, ते मी रस्त्याकडेला उभी राहून पाहिलं आहे. अमेरिकेत वेगमर्यादा ठरवण्याची रुळलेली पद्धत अशी: रहदारी मोकळी असताना गाड्यांचे वेग मोजायचे, शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात तो वेग काढायचा आणि त्याच्या जवळपासची पाटी लावायची. हातात रडारगन घेऊन मी अशा मोजण्या केल्या आहेत. साडेतीन मीटरहून रुंद लेन, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, नजर जाईल तिथवर सरळ रस्ता. अशा ठिकाणी भला माणूससुद्धा नकळत पाय दाबतो. मग त्याने दाबलेला पाय हाच नियम होतो.

ह्यूस्टनमधली एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. सात लेनचा रस्ता, एका बाजूला भाड्याच्या घरांची वसाहत, समोर किराणा दुकान. सिग्नल जवळजवळ आठशे मीटरवर. संध्याकाळी एक बाई पिशव्या घेऊन सरळ ओलांडत होती. अहवालात कारण लिहिलं होतं, 'पादचाऱ्याने क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडला'. मी मोजपट्टीचं चाक फिरवत ते अंतर चालून बघितलं. उन्हात, हातात काही नसताना, जाऊन-येऊन वीस मिनिटं लागली. दूध-भाजीची ओझी घेऊन तेवढा वळसा कोण घालणार? आम्ही मध्ये थांबायला बेट आणि पादचारी सिग्नल सुचवला. मी नोकरी सोडेपर्यंत तो झाला नव्हता.

डच, म्हणजे नेदरलँड्सचे, लोकही जन्मजात शहाणे नव्हते. १९७१ साली या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,२०० माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. १९७२ साली एका पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी गाडीखाली गेली होती, वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यातून 'मुलांच्या हत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आया-बाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले. डेल्फ्ट शहरात गल्ल्यांमध्ये झाडाच्या कुंड्या आणि वळणं आणून गाडीला पायी चालणाऱ्याच्या चालीवर आणण्याचे प्रयोग चालू होतेच. १९७६ मध्ये अशा गल्लीला कायद्याचं स्थान मिळालं. नव्वदच्या दशकात त्याचं राष्ट्रीय धोरण झालं. त्यामागचा विचार साधा आहे, माणूस चुकणारच, तेव्हा रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मरण नसावी. इथे आम्ही आधी वेग ठरवतो आणि मग रस्ता त्या वेगाचा बनवतो. गल्लीला डांबराऐवजी विटा, तोंडाशी उंचवटा, फुटपाथ आडव्या रस्त्यावरून तसाच पुढे. गाडीवाल्याला आपण कुणाच्या तरी अंगणात शिरलोय असं वाटलं पाहिजे. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेत माणूस बहुधा वाचतो, ६० च्या धडकेत वाचणं नशिबावर. बाकीचं सगळं आमचं शास्त्र या एका वाक्याभोवती फिरतं.

कायदाही त्याच दिशेचा आहे. मोटार आणि सायकल यांच्या टकरीत नुकसानीची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची. सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर त्याची चूक असली तरी भरपाई बहुतेक पूर्ण द्यावी लागते. त्यामुळे चालक मुलांना पाहून आपोआप वेग कमी करतात.

घरात याचा अर्थ काय? माझा मुलगा दहाव्या वर्षी एकटा सायकलने शाळेत जाऊ लागला. ह्यूस्टनमध्ये मी रोज दुपारी गाड्यांच्या रांगेत पाऊण तास बसून त्याला आणत होते. ते पाऊण तास माझे परत मिळाले, आणि त्याला मिळालं ते त्याहून मोठं. फुटबॉलचा सराव, वाचनालय, मित्राचं घर, कशालाच त्याला आमची परवानगी सोडून दुसरं काही लागत नव्हतं. इथल्या प्राथमिक शाळांत मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, बऱ्याच गावांत खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून. टेक्सासमध्ये सोळाव्या वर्षी मुलं स्वतः गाडी चालवू लागतात, आणि नवशिक्या चालकांचे अपघात हा तिथल्या आईबापांचा मोठा घोर. इथे एकट्याने गाडी चालवायला अठरा पूर्ण लागतात. तुमची मुलगी आज सात वर्षांची आहे. तुम्ही खरं तर तिची दहा ते अठरा ही वर्षं कुठे जावीत, हे ठरवताय.

आता नेदरलँड्सचे धोके, कारण तेही आहेत आणि इथे येणारे आपले लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. त्या ७४५ मृतांपैकी २९१ सायकलस्वार होते, मोटारीतल्या माणसांपेक्षा जास्त. त्यांत वयस्कर माणसं आणि विजेच्या सायकली यांचा वाटा मोठा. हेल्मेट इथे जवळजवळ कुणी घालत नाही, आणि मुलगी 'वर्गात कोणीच घालत नाही' म्हणून रडेल. तरी घालायला लावा. सासूबाईंना हौसेने विजेची सायकल घेऊन देऊ नका. इथला माणूस चालायला शिकल्यापासून सायकलवर असतो, आपण पन्नाशीनंतर तो तोल आणू शकत नाही.

दुसरा धोका पाण्याचा. या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीखाली आहे. १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली, त्यानंतर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे समुद्राची भीती आता रोजच्या जगण्यात राहिलेली नाही. पण घरामागचा कालवा आहे, त्याला कठडा नसतो. डच मुलं लहानपणीच पोहण्याचा 'अ' दाखला मिळवतात, आणि त्याची परीक्षा कपडे-बूट घालून होते. माझ्या मुलीची परीक्षा मी काचेपलीकडून पाहिली. पँट, टीशर्ट, पायांत बूट. काठावरून उडी, मग पाण्याखाली ताणलेल्या कापडाच्या भोकातून बुडी मारून पलीकडे. ती वर आली तेव्हा केस तोंडावर, एक बूट अर्धा निघालेला, आणि ती पोहतच होती. बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांकडे हा दाखला नसतो, आणि बुडण्याच्या बातम्यांत अशी मुलं पुन्हा पुन्हा दिसतात.

तब्येतीचं दोन्हीकडे वेगळं. अमेरिकेत चांगला विमा असला तर तज्ज्ञ डॉक्टर पटकन भेटतो, तपासण्या पटापट होतात, हे मी मनापासून मान्य करते. पण विमा नोकरीला बांधलेला, आणि आपल्या खिशातून वर्षाला किती जाऊ शकतं त्याची कमाल मर्यादाच २०२५ साली कुटुंबामागे १८ हजार डॉलरच्या वर होती. माझ्या नवऱ्याला एकदा रात्री छातीत दुखलं. काही निघालं नाही, पण तीन महिने वेगवेगळी बिलं येत राहिली; इस्पितळाचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, रुग्णवाहिकेचं वेगळं. अनपेक्षित बिलांपासून संरक्षण देणारा कायदा २०२२ पासून आहे, रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र त्यात आजही नाही. त्या तीन महिन्यांत मी पुढच्या वेळी फोन करायचा की गाडीत घालून न्यायचं, याचा विचार करू लागले होते. माणसाच्या छातीत दुखत असताना हा विचार मनात यावा, हीच मला त्या व्यवस्थेची सर्वांत वाईट गोष्ट वाटते.

इथे विमा सक्तीचा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, आणि प्रौढाने वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरायचे. नेहमीच्या डॉक्टरची भेट त्या ३८५ मध्येही धरत नाहीत. पण सगळं त्या एका डॉक्टरच्या दारातून जातं. 'पॅरासिटामॉल घ्या आणि थांबून बघा' हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की रडू येईल. माझ्या मुलीचं पोट दुखत होतं तेव्हा रात्रीच्या सेवेने फोनवर दोनदा थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी ऐकलं नाही, तिला घेऊनच गेले. अपेंडिक्स निघालं, वेळेत निघालं. तेव्हापासून मी एक शिकले: इथे नम्रपणे गप्प बसायचं नसतं. काय होतंय, कधीपासून, ताप किती, पाणी पोटात राहतं का, हे लिहून ठेवून ठामपणे सांगायचं. तसं सांगितलं की यंत्रणा हलते. सरासरी आयुष्य पाहाल तर २०२३ साली अमेरिकेत ७८.४ वर्षं आणि इथे ८२ च्या आसपास. या फरकात गाड्या आहेत, बंदुका आहेत, हृदयरोग आहे, आणि ज्या नशेच्या अतिमात्रेने २०२२ साली तिकडे लाखाहून अधिक जीव गेले ती नशाही आहे.

पैशांबद्दल तुमचे नातेवाईक खोटं बोलत नाहीत. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, इथे वरच्या टप्प्यावर ४९.५ टक्के कर लागतो. परदेशातून आलेल्या तज्ज्ञांना काही वर्षं करात सूट मिळते, ती मुदत संपली की चटका बसतो. ह्यूस्टनमध्ये दोन गाड्या, घरपट्टी आणि विमा वजा करूनही शिल्लक जास्तच राहील. आणि इथे घरांचा तुटवडा भयंकर आहे. आइंडहोवनच्या आसपास मोठ्या कंपन्यांमुळे तर फारच. कंपनी घर शोधून देणार का, पहिले किती महिने देणार, हे लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

मात्र पगाराच्या शेजारी आणखी एक रकाना मांडा, नोकरी गेली किंवा माणूस आजारी पडला तर काय. अमेरिकेत नोकरीचा व्हिसा एल-१ असो की एच-१बी, नोकरी सुटल्यावर राहायला ६० दिवस. त्यात दुसरी नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळं. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग एक दशकाहून लांब आहे, आणि मुलीला एकवीस पूर्ण झाली की ती तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकते. तुमच्याकडे चौदा वर्षं आहेत. खूप वाटतात, पण माझ्या ओळखीत अशी मुलं आहेत जी तिथेच वाढली आणि शेवटी विद्यार्थी व्हिसावर परक्यासारखी राहिली. इथे नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, कायम कंत्राट असेल तर काढणं मुळातच अवघड, आणि आजारपणात मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, भाषेची परीक्षा देऊन. तुम्हालाही पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा. एक सावधगिरी: पहिलं कंत्राट बरेचदा एका वर्षाचंच असतं. ते कायम कधी होणार, हे यजमानांनी आत्ताच विचारावं.

शाळेबद्दल मला एकच सांगायचं आहे. बाराव्या वर्षी इथे मुलांची वाट ठरते, पुढे विद्यापीठाकडे की व्यवसाय शिक्षणाकडे. नंतर बदलता येते, पण भाषा कच्ची असलेल्या मुलांना खालची वाट सुचवली जाण्याची भीती असते. तुमची मुलगी सातव्या वर्षी आली तर पाच वर्षं हातात आहेत, डच उत्तम येईल. दहाव्या वर्षी आली असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

सासूबाईंच्या बाबतीत अमेरिका सोयीची आहे. पर्यटक म्हणून साधारण सहा महिने सलग राहता येतं. इथे १८० दिवसांतले ९०. पण दोन्हीकडे प्रवासी विम्यात जुन्या मधुमेहाचा खर्च बहुधा धरत नाहीत, आणि तो ह्यूस्टनमध्ये अंगावर आला तर घर हादरेल. औषधं भारतातून पुरेशी आणा आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत असू द्या. त्यांचा दिवसही डोळ्यांसमोर आणा. ह्यूस्टनच्या उपनगरात त्या दुपारभर घरात, कुणी गाडीने नेल्याशिवाय दारही ओलांडणार नाहीत. इथे बसथांब्यापर्यंत, बाजारापर्यंत, नातीच्या शाळेपर्यंत स्वतःच्या पायांनी जातील. माझ्या आईने इथे येऊन पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या फुलवाल्याशी खुणांनी ओळख करून घेतली होती. ह्यूस्टनमध्ये ती खिडकीतून गवत कापणारा माणूस कधी येतो ते बघायची. मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोलावू नका. साडेचारला अंधार आणि बारीक पाऊस, गुडघे दुखतात आणि मन बसतं.

माझं मत विचाराल तर मुलगी या वयाची असताना मी आइंडहोवन घेईन. ह्यूस्टनमध्येही सुरक्षित जगता येतं, पण तिथे सुरक्षितता कुटुंबाने स्वतः विकत घ्यायची असते: चांगल्या शाळेच्या हद्दीतलं महाग घर, मजबूत गाडी, वरच्या दर्जाचा विमा, सहा महिन्यांचा पगार बाजूला. त्यात तुमचा दुप्पट पगार बराचसा जातो, आणि घराबाहेरचा सात लेनचा रस्ता पैशांनी अरुंद होत नाही. इथे बरीचशी सुरक्षितता करातून आधीच भरलेली असते, श्रीमंत-गरीब दोघांच्या दारात तीच विटांची गल्ली. पाच-सहा वर्षं पैसे साठवून नक्की परत यायचं, असा तुमचा पक्का बेत असेल तर मात्र ह्यूस्टन चुकीचं नाही. तसं असेल तर अख्खा देश बघू नका, गल्ली बघा. अमेरिकेतच मिसिसिपी आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतला रस्ते-मृत्यूंचा फरक लोकसंख्येच्या मानाने तिप्पट-चौपट आहे, आणि न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये २०१७ नंतर सलग सात वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. घर ठरवण्याआधी शाळा भरायच्या वेळी, सकाळी, त्या भागात अर्धा तास उभ्या राहा. मुलं चालत येताना दिसली तर घर घ्या.

आणि आइंडहोवन ठरलं, तर राहण्याचा पत्ता मिळाला त्याच आठवड्यात मुलीचं नाव पोहण्याच्या वर्गात घाला. प्रतीक्षायादी महिनोन् महिने लांब असते, आणि इथली मुलं पाचव्या वर्षीच तिथे पोहोचलेली असतात.